प्रॉपर्टी अलर्ट: फुकट आहे, घ्याच, पण एवढ्यावर थांबू नका

इंग्लंड आणि वेल्समधल्या घर-जमिनींच्या मालकीची नोंद ठेवणाऱ्या एचएम लँड रजिस्ट्रीची 'प्रॉपर्टी अलर्ट' ही मोफत ईमेल सेवा: मिळकतीवर कोणी शोध लावला किंवा नोंद बदलायचा अर्ज केला की ईमेल येतो. दहा मिळकतींवर नजर ठेवता येते आणि मिळकत स्वतःचीच हवी अशी अट नाही. म्हणजे पुण्यात परतलेल्याला लंडनचा फ्लॅट आणि लीड्सच्या मावशीचं घर, दोन्ही एकाच यादीत टाकता येतं. खातं उघडायचं, ईमेल पडताळायचा, पत्ता किंवा टायटल नंबर (रजिस्ट्रीतला मिळकतीचा नोंदणी क्रमांक) द्यायचा, झालं.

घोळ होतो तो टायटल नंबरांत. गॅरेज किंवा पार्किंगची जागा बऱ्याचदा वेगळ्या नंबरावर असते. फ्लॅटचं लीजहोल्ड (ठराविक मुदतीचा हक्क) एका नंबरावर आणि इमारतीचं फ्रीहोल्ड (जमिनीसकट कायमची मालकी) दुसऱ्यावर, असंही असतं. अलर्ट प्रत्येकावर वेगळा लावावा लागतो. खात्रीसाठी रजिस्टरची अधिकृत प्रत मागवा: ७ पौंड (डिसेंबर २०२४ आधी ३ होते). शोधताना वर जाहिरातीत येणाऱ्या खासगी साइट त्याच कागदाचे कितीतरी जास्त पैसे उकळतात.

सेवेचं खरं मोल वेळेत आहे. खरेदीदाराचा किंवा बँकेचा वकील पैसे देण्याआधी 'ओएस १' हा अधिकृत शोध (रजिस्टरमध्ये दरम्यान काही बदललं का, याची तपासणी) लावतो, त्यातून त्याच्या व्यवहाराला नोंदणीत ३० कामकाजाच्या दिवसांचं प्राधान्य मिळतं. अलर्ट या शोधालाही येतो, म्हणजे नोंद बदलण्याच्या आधी. विकणारा तोतया असला तरी घेणारा बहुधा खरा असतो, त्यामुळे हा शोध लागतोच. शोध कोणी लावला हे ईमेलमध्ये असतं. त्याच दिवशी त्या वकिलाला आणि रजिस्ट्रीच्या फसवणूक-फोनलाइनला गाठायचं. ईमेल स्पॅममध्ये पडला तर सगळंच मुसळ केरात.

कारण अलर्ट काहीही अडवत नाही. २०२१ मध्ये लूटनमधलं एक घर, मालक नॉर्थ वेल्समध्ये असताना, १,३१,००० पौंडांना परस्पर विकलं गेलं. घरात दिवे दिसल्यावर शेजाऱ्यांनी मालकाला फोन केला. एकदा नोंद झाली की २००२ च्या लँड रजिस्ट्रेशन ॲक्टखाली दुरुस्ती मागावी लागते, आणि नवा मालक ताब्यात असेल तर त्याला बराच आसरा मिळतो. मग घराऐवजी भरपाईवर समाधान मानायची पाळी येऊ शकते.

अडवायचं असेल तर फॉर्म आरक्यू. घरात स्वतः राहत नसाल तर मोफत, राहत असाल तर शुल्क लागतं. त्यातून रजिस्टरवर निर्बंध चढतो: सही करणारा हाच नोंदलेला मालक आहे, असं वकिलाने प्रमाणित केल्याशिवाय विक्री किंवा गहाण नोंदलं जात नाही. पुढे स्वतः विकताना तुमचा वकील या प्रमाणपत्राचे वेगळे पैसे लावू शकतो. आमच्या मते ते दिलेले परवडतात, विशेषतः घर कर्जमुक्त आणि भाड्याने दिलेलं असेल तर. भामट्यांचा डोळा अशाच घरांवर असतो.

तिसरी गोष्ट सगळेच विसरतात: रजिस्टरवरचा पत्रव्यवहाराचा पत्ता. तो भाड्याने दिलेल्या घराचाच राहिला, तर नोटीस भाडेकरूच्या हाती जाते. फॉर्म सीओजी १ भरून तीन पत्ते देता येतात. एक टपालाचा हवाच (भारतातला चालतो), बाकी ईमेल. शेजाऱ्याने कब्जाच्या आधारे तुमच्या जमिनीवर हक्क सांगितला तर उत्तराला ६५ कामकाजाचे दिवस मिळतात. गप्प राहिलात तर जमीन त्याच्या नावावर जाऊ शकते. शिवाय फेब्रुवारी २०२५ मध्ये 'ब्राऊन विरुद्ध रिडली' खटल्यात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की सीमेलगतची जमीन आपलीच आहे असं शेजाऱ्याला रास्तपणे वाटण्याची, अशा दाव्याला लागणारी दहा वर्षं अर्जाच्या लगेच आधीचीच असायला नकोत. ताब्याच्या काळातली कुठलीही सलग दहा चालतील. कुंपणाचे दावे त्यामुळे सोपे झाले.

नोंदणीच न झालेल्या जुन्या मिळकतींना अलर्ट लागत नाही; आधी नोंदणी करून घ्यावी लागते. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड या सेवेत येत नाहीत.