गेम कलेक्शनची नोंद: बारकोडवालं अ‍ॅप की साधी शीट? वर्षभर वापरल्यानंतर

घरात प्लेस्टेशन २ (पीएस२) पासून पीएस४ पर्यंतच्या डिस्क, टीव्हीला जोडून खेळायचा एक जुना सामुराई आणि त्याच्या पिवळ्या कॅसेट, शिवाय स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानावरचं वेगळंच. एवढं डोक्यात राहत नाही. बेळगावच्या खडेबाजारात किंवा कोल्हापुरात जुन्या मालाच्या दुकानात डबा हातात घेतला की पहिला प्रश्न: हा आपल्याकडे आहे काय? म्हणून गेल्या दिवाळीत बारकोड स्कॅन करणाऱ्या एका परदेशी अ‍ॅपची वर्षाची वर्गणी भरली आणि जोडीला गूगल शीट चालू ठेवली. मधे अख्खा पावसाळाही गेला.

स्कॅनिंगचं काम झकास आहे. पीएस४ चे डबे धडाधड चढले, कव्हर, प्रकाशक, साल सगळं आपोआप. घोडं अडतं ते भारतात विकलेल्या जुन्या डब्यांपाशी. आयातदाराचं एमआरपीचं स्टिकर नेमकं बारकोडवर डकवलेलं. काढावं तर डिंक राहतो, आणि मला ते काढायचंही नसतं, कारण हा डबा इथल्या बाजारात विकला गेला याची तीच खूण. मग डब्याच्या कडेवरचा कोड हातानं टाकायचा. पीएस२ च्या डिस्कवरही तो छापलेला असतो. 'ग्रँड थेफ्ट ऑटो: सॅन अँड्रियास'ची युरोपीय प्रत एसएलईएस-५२५४१, अमेरिकन एसएलयूएस-२०९४६. नाव एकच, प्रती दोन, आणि अ‍ॅप नावावरून शोधलं की बहुतेकदा अमेरिकन कव्हर दाखवून मोकळं होतं.

हा फरक नुसत्या हौसेचा नाही. पीएस२ च्या डिस्क विभागानुसार बांधलेल्या असतात, आणि आपल्याकडचा पीएस२ पाल विभागाचा, म्हणजे युरोपीय प्रतींच्या गटातला. दुबईहून कुणी आणलेली डिस्क त्यावर चालते. अमेरिकेतल्या चुलतभावानं पाठवलेली, हे बंधन मोडणारी चिप मशीनमध्ये बसवलेली नसेल तर चालत नाही. पीएस३ पासून गेमच्या डिस्कवर हे बंधन जवळपास उरलं नाही. पीएस४ ची गोम वेगळी, डिस्क कुठलीही चालते, पण डीएलसी, म्हणजे गेमला वरून जोडायचा जादा भाग, डिस्कच्या विभागाशी जुळणाऱ्या खात्यावरूनच घ्यावं लागतं. त्यामुळे माझ्या शीटमध्ये नावानंतर लगेच कोड आणि विभाग. बाकीचं मागाहून भरलं तरी चालतं.

हैदराबादच्या अरोना टेक्नॉलॉजीजनं केलेला, २००९ चा 'हनुमान: बॉय वॉरियर' हा गेम अ‍ॅपला माहीत होता, फक्त कव्हर नव्हतं. माझ्या प्रतीचा फोटो चढवला.

सामुराईच्या कॅसेटींपुढे मात्र अ‍ॅप हात टेकतं. निन्टेंडोच्या १९८३ च्या फॅमिकॉमची ही नक्कल, कॅसेट ६० पिनांची. बारकोड नाही, प्रकाशक नाही, लेबलवर एक चित्र आणि आत भलताच गेम. '९९९९ इन १' म्हणून मिरवणाऱ्या कॅसेटीत मेनूची पानं उलटत गेलं की तोच गेम पुन्हा पुन्हा भेटतो, कुठे सुरुवातीलाच भारी बंदूक हातात, कुठे थेट तिसऱ्या लेव्हलपासून. लावून बघितल्याशिवाय नोंद होत नाही. शीटमध्ये मी तीन रकाने केले: लेबलवर काय छापलंय, मेनूत काय दिसतं, आणि खरे वेगळे गेम किती. जोडीला फोटोची लिंक. डुप्लिकेट मालाची नोंद कशाला, असं म्हणणारे आहेत. मला ते अजिबात पटत नाही. आमच्या गल्लीत सगळे खेळले ते हेच. 'ओरिजिनल' निन्टेंडो पाहिला होता कुणी?

अ‍ॅपमधून सगळी यादी सीएसव्ही फाइल म्हणून काढून एक्सेलमध्ये उघडणार असाल तर दोन गोष्टी. बारकोडचा रकाना आधीच 'टेक्स्ट' करून घ्या, नाहीतर १३ आकडी बारकोडचा ८.९ई+१२ असा काहीतरी अवतार होतो आणि अमेरिकन बारकोडच्या सुरुवातीचं शून्य गायब होतं. दुसरं, फाइल डबल क्लिक करून उघडू नका. डेटा मेनूतून आणा आणि अक्षरांच्या एन्कोडिंगमध्ये यूटीएफ-८ निवडा. माझा खानापूरचा मित्र त्याच शीटमध्ये शेरे कन्नडमध्ये लिहितो, मी मराठीत. सरळ उघडलं की दोघांच्याही अक्षरांचा सारखाच चिवडा होतो. गूगल शीटमध्ये ही कटकट नाही.

किमतीचं म्हणाल तर प्राइसचार्टिंगसारख्या साइटवर सुटी डिस्क, डबा-पुस्तिकेसह आणि सीलबंद असे वेगवेगळे भाव मिळतात, पण डॉलरमध्ये. आपल्या बाजाराशी त्यांचा संबंध एवढाच की दुकानदारही तेच बघून बसलेला असतो. "ऑनलाइन बघा की सर, काय रेट चाललाय!" म्हणत फोन पुढे करतो, आणि फोनवर असतो सीलबंद प्रतीचा भाव. हातातल्या डब्याला पुस्तिकाही नसते. मी शीटमध्ये फक्त दिलेले रुपये आणि कुठे घेतली ते लिहितो. एकूण किंमत दाखवणारा आकडा अ‍ॅपमध्ये बंद करून टाकलाय. घरात कुणी बघितला तर नसता घोळ.

सगळ्यात उपयोगी ठरलेले रकाने अगदीच साधे निघाले. एक 'स्थिती', तारखेसह. बेळगावच्या पावसात लोखंडी कपाटातही ओल शिरते, पुस्तिकांच्या पानांना बुरशी धरते, कव्हरचा कागद फुगतो. पावसाळ्याआधीचा आणि नंतरचा शेरा शेजारी ठेवला तेव्हा खालचा खण भिंतीची ओल ओढतो हे कळलं. आता तिथे चार्जर आणि केबली. दुसरा रकाना 'कोणाकडे'. 'टेकन ५' निपाणीला भाच्याकडे आहे हे तारखेसकट लिहिलेलं होतं, म्हणून "मामा, मी तर तेव्हाच परत दिली की" यावर शीट पुढे करता आली. डिस्क पुढच्या रविवारी आली, पुस्तिकेशिवाय.

डाउनलोड केलेल्या डिजिटल गेमसाठी विंडोजवरचं प्लेनाइट हे सॉफ्टवेअर पुरे. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, स्टीम, एपिक, गॉग अशा ऑनलाइन दुकानांवरचं सगळं एका खिडकीत आणतं. एपिकचे फुकट गेम गोळा करायची सवय असेल तर विकत घ्यायच्या आधी तिथे बघाच.

अ‍ॅपची वर्गणी पुन्हा भरणार नाही. डब्यांचा मोठा ढीग एकदाच चढवायचा असेल तर जरूर घ्या, स्कॅनिंगचा वेळ खरंच वाचतो. पण नंतर महिन्याला एखाददुसरा डबा येणार असेल तर त्यासाठी वर्षभर पैसे भरण्यात अर्थ नाही. सीएसव्ही मात्र मुदत संपायच्या आत काढून ठेवा. माझी शीट आता खानापूरच्या मित्राला आणि भाच्याला उघडी आहे. भाच्याला फक्त बघायची परवानगी.