टमी टकच्या आधीचं आणि नंतरचं खाणं: सात-आठ महिन्यांनंतर

टमी टक, म्हणजे पोट सपाट करायचं ऑपरेशन, म्हटलं की सर्जन कसा निवडावा, व्रण कसा दिसतो, खर्च किती येतो, यावर सगळेच बोलतात. मला विचाराल तर पहिले दोन-तीन आठवडे निभावले ते ओट्याच्या आणि फ्रीजरच्या तयारीवर. म्हणून तेवढंच लिहिते.

हे वजन उतरवायचं ऑपरेशन नाही. लोंबणारी कातडी काढतात आणि बाळंतपणात मधोमध फाकलेले पोटाचे स्नायू टाके घालून जवळ आणतात. त्यामुळे आधी उपाशी राहून काटा खाली आणायचा खटाटोप नको, वजन स्थिर हवं. माझं हिमोग्लोबिन कमी होतं. लोहाची गोळी चहापासून लांब, लिंबूपाण्यासोबत घ्यायची, हे काटेकोर पाळलं. फिश ऑइल, व्हिटॅमिन ई आणि लसणाच्या कॅप्सूल दोन आठवडे आधी बंद झाल्या, रक्तस्राव वाढू शकतो म्हणून. (फोडणीतल्या लसणाला कुणाची हरकत नव्हती.) ऑपरेशनच्या दिवशी भूलतज्ज्ञांचा हिशोब असा: हलकं खाणं सहा तास आधी बंद, तेलकट-तुपकट असेल तर आठ, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालेल.

फ्रीजरमध्ये काय टिकलं? बिनफोडणीचं घट्ट वरण, शिजवलेले मूग, दुधी-गाजराचं सूप, अर्धवट भाजलेल्या पोळ्या. बटाट्याची भाजी मात्र पाणी सुटून रवाळ झाली, ती गेली कचऱ्यात. सगळं एका वेळेपुरत्या छोट्या डब्यांत भरलं होतं. वाकून चालताना, ड्रेनच्या (जखमेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळ्यांच्या) पिशव्या गाउनला अडकवलेल्या असताना मोठं पातेलं कोण काढणार? रोजची भांडी, चहा-साखर कमरेच्या उंचीवर आणून ठेवली होती. सहा आठवडे जड उचलायचं नाही म्हणजे भरलेला कुकरही नाही, आणि कणीक मळायला पोटाचा किती जोर लागतो हे तेव्हाच कळतं.

खरा प्रश्न जेवणाचा नाही, संडासचा. ट्रॅमाडॉलसारख्या दुखणं थांबवायच्या गोळ्यांनी आतडी मंदावतात, त्यात लोहाची गोळी, त्यात हालचाल नाही. आणि टाके घातलेल्या पोटाने कुंथायचं तर नाहीच. डॉक्टरांनी लॅक्ट्युलोज, म्हणजे पोट साफ व्हायचं औषध, पहिल्या रात्रीपासून दिलं. इसबगोलही घेतलं, पण त्याला भरपूर पाणी लागतं, नाहीतर तेच अडकून बसतं. पपई आणि भिजवलेल्या काळ्या मनुका उपयोगी पडल्या. कोबी, वाटाणे, राजमा, छोले महिनाभर बंद. ऑपरेशननंतर पोटाला बांधायच्या पट्ट्याखाली गॅस धरला की जी कळ येते, ती टाक्यांच्या दुखण्यापेक्षा वाईट.

पट्टा बांधलेला असताना ताटभर जेवण जातच नाही. थोडं थोडं, पाच-सहा वेळा. प्रोटीन त्यातच बसवायचं. मला वजनाच्या किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम सांगितलं होतं, म्हणजे साठ किलोला पंचाहत्तर ते नव्वद. वरणभातावर ते होत नाही. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास, शंभर ग्रॅम पनीरमध्ये साधारण अठरा. मी दोन अंडी, दही, मुगाचं धिरडं, पनीर असं जुळवलं. व्हे प्रोटीनच्या पावडरने पोट फुगलं, डबा भाच्याला देऊन टाकला.

सासूबाईंनी प्रेमाने डिंकाचे लाडू धाडले. "पोटाचंच ऑपरेशन ना, सीझरसारखंच की!" बाळंतिणीचा तुपातला मेवा आणि बद्धकोष्ठ झालेलं पोट यांचं जमत नाही. लाडू नवऱ्याने संपवले.

आता सगळं खाते, फक्त एका बैठकीत कमी. मीठ अजून जाणवतं. पापड-लोणचं किंवा बाहेरचं चायनीज झालं की संध्याकाळी खालच्या पोटावर सूज दिसते. ती पूर्ण उतरायला वर्ष लागू शकतं, असं सर्जन म्हणतात. सुट्टी मोजून मिळाली असेल आणि घरात स्वयंपाकाला दुसरं कुणी नसेल, तर निदान दोन आठवडे डबा लावून घ्या. फक्त तिखट, तेल आणि मीठ कमी हवं, हे डबेवाल्या काकूंना आधीच सांगून ठेवा.