पारी/जीपी: मोठी संख्या तपासायची तर हेच घ्या

मोठ्या पूर्णांकाचे गुणधर्म पाहायचे असतील तर एक्सेल बाजूला ठेवा. १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ टाइप करून एंटर दाबलं की पंधराच्या पुढचे सहाही अंक शून्य होतात. मग संख्या सम की विषम, एवढंही खरं राहत नाही.

पारी/जीपी हे फ्रान्समधल्या बोर्दो विद्यापीठातलं, मोठ्या संख्यांच्या गणिताचं मोफत साधन. विंडोज, लिनक्स, मॅकवर चालतं, इन्स्टॉल न करता ब्राउझरमध्येही उघडतं.

वरची संख्या म्हणजे २^६७ − १. फ्रेंच गणिती मेर्सेनने १६४४ मध्ये ती मूळ मानली. १८७६ मध्ये गणिती ल्युकासने ती संयुक्त असल्याचं दाखवलं, तेही एकही अवयव हाती नसताना. अवयव मिळाले १९०३ मध्ये, अमेरिकी गणिती कोलकडून. मूळ आहे का आणि अवयव कोणते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि पारी ते वेगळेच ठेवतं. ही त्याची सगळ्यात मोठी जमेची बाजू. मूळ आहे का ते तपासणाऱ्या ‘इझप्राइम’ (isprime) या आदेशाने ० दिलं तर संयुक्त, १ दिलं तर सिद्धतेसह मूळ. अवयव काढणारं ‘फॅक्टर’ (factor) मात्र १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ असे दोन अवयव घातांसह क्षणात मांडतं. पडताळा कागदावरही होतो: इथल्या प्रत्येक मूळ अवयवातून १ वजा केल्यावर १३४ ने (म्हणजे २ × ६७ ने) निःशेष भाग जायलाच हवा. १९३७०७७२० ला भागून पाहा, १४४५५८० येतात.

आता खाचखळगे. संख्या १e२० अशी लिहिली की पारी ती दशांश धरतं आणि ‘इझप्राइम’ एरर देतं; १०^२० लिहा. स्टॅक ओव्हरफ्लो, म्हणजे मेमरी अपुरी पडल्याचा एरर, आला तर ‘पारीसाइझमॅक्स’ (parisizemax) ही मेमरीची मर्यादा वाढवा, सुरुवातीला मिळणारे ८ एमबी फार तोकडे आहेत.

खरी फसगत ‘फॅक्टर’ला दुसरा आकडा, म्हणजे मर्यादा दिल्यावर होते. त्या मर्यादेपर्यंतचे अवयव काढून उरलेला भाग तसाच शेवटच्या ओळीत येतो. तो संयुक्त असला तरी दिसायला मूळ अवयवासारखाच. त्यावर कसलीही खूण नसते. त्याला वेगळं ‘इझप्राइम’ लावल्याशिवाय वहीत उतरवू नका. मर्यादा नसतानाही मोठे अवयव आधी संभाव्य मूळ (बहुधा मूळ, पण सिद्धता नाही) म्हणूनच तपासले जातात. २^६४ च्या खाली ही चाचणी चुकत नाही, त्यापुढे सिद्धता हवी असेल तर ‘फॅक्टर_प्रूव्हन’ (factor_proven) ही सेटिंग १ करा.

पन्नास-पन्नास अंकी दोन मूळ संख्यांचा गुणाकार दिलात तर पारी तासन्‌तास अडकतं. कंट्रोल-सी दाबा आणि ते काम याफू (YAFU) या अवयव पाडणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रामकडे द्या. साठ अंकांपर्यंत मात्र दुसरं काही शोधायची गरज नाही.