परक्या देशातल्या निवडणुकीत राबायचं की पैसे द्यायचे?

अमेरिकेत एच-वन-बी म्हणजे नोकरीच्या व्हिसावर असलेल्या आपल्या मंडळींना निवडणूक आली की हा प्रश्न पडतोच. पैशाचं उत्तर सरळ आहे, नाही म्हणजे नाही, अगदी एक डॉलरपण नाही. ग्रीन कार्डवाल्यांना मात्र चालतं. फुकट राबायचं असेल, म्हणजे फोन करा, दारोदार फिरा, तर कायद्याची हरकत नाही, फक्त पगार घ्यायचा नाही आणि प्रचाराच्या निर्णयात नाक खुपसायचं नाही.

पण खरी गोम विमानाच्या तिकिटाच्या पैशात आहे. 2016 ला ऑस्ट्रेलियाच्या लेबर पार्टीने त्यांच्या पक्षाची पोरं अमेरिकेत अध्यक्षपदाच्या शर्यतीतल्या बर्नी सँडर्सच्या प्रचाराला पाठवली, विमानाचं भाडं आणि रोजचा भत्ता पार्टीने दिला, साधारण 24 हजार डॉलर, आणि तिथेच घोळ झाला कारण ती झाली परदेशी देणगी. सँडर्सच्या प्रचार समितीला 14,500 डॉलर दंड बसला. 2024 ला ब्रिटनच्या लेबर पार्टीची माणसं कमला हॅरिसच्या प्रचाराला गेली तेव्हा ट्रम्पच्या टीमने तक्रार ठोकली, पण ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान स्टार्मर म्हणाले लोक आपल्या फावल्या वेळात गेलेत.

मला विचाराल तर राबणं जास्त प्रामाणिक, माणूस निदान समोर दिसतो तरी, पैशाचा माग कोण काढणार? आणि आपल्याकडे तर 2014 ला दिल्ली हायकोर्टाने परदेशी देणगीवरून काँग्रेस-भाजप दोघांनाही दोषी धरलं, मग संसदेने कायदाच मागच्या तारखेपासून बदलून टाकला 😀