एकच वेग, दोन शरीरे : पुण्यातील एका धाव-तपासणी सेवेचा अनुभव

माझे वजन ८८ किलो आणि धाकट्या बहिणीचे ५०. आम्ही दोघांनी पुण्यातील एका फिजिओथेरपी केंद्रात धावण्याच्या पद्धतीची तपासणी, म्हणजेच गेट अ‍ॅनालिसिस, एकत्रच करून घेतली. त्यामुळे दोन्ही अहवाल शेजारी ठेवून वाचता आले.

मोजमापाचे काम उत्तम होते. ट्रेडमिलची सवय होईपर्यंत चित्रण सुरू केले नाही, आणि खुबा, गुडघा व घोटा यांवरील खुणा हाड हाताने चाचपूनच लावल्या. जड शरीरात चरबीच्या थरामुळे कंबरेच्या हाडाचे टोक सहज सापडत नाही, शिवाय धावताना त्वचेवरची खूण हाडावरून सरकते आणि कोन चुकीचे येतात. फिजिओथेरपिस्ट मॅडमनी माझी ती खूण पुन्हा तपासली, तीही मला अवघडू न देता. ही काळजी फार मोलाची आहे.

अहवालाचा अर्थ लावताना मात्र शरीराच्या आकाराचा विचारच झालेला नाही. दोघांनाही ताशी ८ किलोमीटर वेगाने धावायला लावले होते. खुब्यापासून जमिनीपर्यंत माझा पाय ९० सेंटिमीटर आहे, तिचा ७५. वेगाच्या वर्गाला गुरुत्वत्वरण आणि पायाची लांबी यांच्या गुणाकाराने भागले की फ्रूड अंक मिळतो. लहानमोठ्या प्राण्यांच्या चालीची तुलना प्राणिशास्त्रज्ञ मॅक्नील अलेक्झांडर यांनी याच अंकाच्या आधारे केली होती. माणूस साधारणतः हा अंक ०.५ च्या आसपास पोहोचल्यावर चालणे सोडून धावू लागतो. त्या वेगाला माझा अंक ०.५६ येतो आणि तिचा ०.६७, म्हणजे मी जेमतेम धावू लागलो होतो, तर ती त्याच्या बरीच पुढे होती. तरीही मिनिटाला १६२ पावले म्हणून माझा रकाना लाल आणि १७८ म्हणून तिचा हिरवा! हे रंग मिनिटाला १८० पावलांच्या दंडकावरून ठरतात. हा दंडक प्रशिक्षक जॅक डॅनियल्स यांनी १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधील धावपटूंच्या निरीक्षणातून पुढे आणला; तो शर्यतीच्या वेगातील अव्वल खेळाडूंचा आहे. लांब पायाचा ठेका स्वभावतःच संथ असतो.

जमिनीच्या प्रतिबलाचा, म्हणजे पाऊल टेकताना जमीन पायावर जे उलट बल लावते त्याचा, आकडा दोघांसाठी वजनाच्या २.४ पट आला आणि त्यावर ‘समान’ असा शेरा पडला. प्रत्यक्षात माझ्या पायावर सुमारे २११ किलोचा भार येतो, तिच्या पायावर १२० किलोचा. समान प्रमाणात वाढलेल्या शरीरांत वजन लांबीच्या घनाने वाढते, पण हाडांच्या व स्नायूंच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ केवळ वर्गाने, त्यामुळे पट सारखी असली तरी ताण सारखा राहत नाही.

बुटांचा सल्ला मला सर्वांत जास्त खटकला : जड माणसाला मऊ तळवा, हलक्याला कडक. लक्झेंबर्गमध्ये ८४८ हौशी धावपटूंवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कडक बुटांनी दुखापतीचा धोका वाढल्याचे आढळले, आणि ही वाढ स्पष्ट दिसली ती हलक्या धावपटूंमध्येच. बहिणीला सुचवलेले कडक बूट आम्ही घेतले नाहीत.

चित्रण आणि मोजमाप यांसाठी मी हे केंद्र निःशंकपणे सुचवेन. मात्र जाणाऱ्याने आपल्या नेहमीच्या वेगाने धावून चित्रण करून घ्यावे, पायाची लांबी अहवालात नोंदवायला सांगावी आणि भाराचे आकडे पटीबरोबरच किलोमध्येही मागावेत.