एकदा पेरलेली, पुन्हा पुन्हा उगवणारी: ऐरोलीतल्या फुलांचा अनुभव

ऐरोलीत आमच्या रो-हाऊसच्या पुढे कुंपणालगत मातीचा एक चिंचोळा पट्टा आहे. तोंड पश्चिमेला. दुपारनंतर भिंत जी तापते ती रात्रीपर्यंत धग सोडत राहते. दर उन्हाळ्यात नवी रोपं विकत आणायला लागू नयेत म्हणून मागच्या पावसाळ्यानंतर तिथे स्वतःच बी टाकून पुन्हा उगवणारी फुलं पेरली: सदाफुली, गुलबक्षी, पिवळा कॉसमॉस, झिनिया, गोंफ्रेना म्हणजे बटणफूल, आणि ऑफिस टाइम म्हणजे पोर्टुलाका. एक अख्खा उन्हाळा आणि त्यामागचा पावसाळा पाहून हे लिहितेय.

मुख्य गोष्ट आधी सांगते. आपल्याकडे या फुलांची खरी परीक्षा पावसाळा घेतो. परदेशी व्हिडिओंमध्ये कोरड्या उन्हाळ्यासाठी पॉपी, लार्कस्पर सुचवतात. त्यांना रुजायला गारवा लागतो, तो इथे नाही. आपल्याकडे ऑक्टोबर ते मे जवळजवळ पाऊसच नसतो आणि मग चार महिन्यांत २००० मिलिमीटरच्या वर कोसळतो. जमिनीवर पडलेलं बी त्यात कुजतं, नाहीतर वाहून जातं. उन्हात तगणारी झाडं भरपूर आहेत, पण त्यांचं बी सप्टेंबरपर्यंत शिल्लक राहिलं तरच पुढच्या वर्षी फूल दिसणार.

या कसोटीवर सदाफुली पहिली. मूळची मादागास्करची, पण कोकणात इतकी रुळली आहे की परकी वाटत नाही. तिचं बी अंधारात चांगलं रुजतं, त्यामुळे फरशीच्या फटीत पडलं तरी रोप वर येतं. गुरं-शेळ्या तोंड लावत नाहीत. मात्र विकतच्या संकरित, मोठ्या फुलांच्या जाती जुलैत बुडापासून सडल्या. साधी गुलाबी आणि पांढरी तेवढी टिकली. पेरायचीच तर तीच पेरा. आणि एक कळकळीची विनंती: मधुमेहावर उपाय म्हणून हिची पानं चघळू नका. व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन ही कॅन्सरवरची औषधं याच झाडातून मिळाली, इतकं ते जहाल आहे.

गुलबक्षी माझी सगळ्यात आवडती. दुपारी चार-साडेचारला उमलते, म्हणजे कामावरून परतणाऱ्या माणसासाठीच केलेली व्यवस्था. जमिनीखाली जाड कंदासारखं मूळ असतं, त्यात पाणी आणि अन्न साठतं. मेमध्ये शटडाउनमुळे दोन दिवस पाणी आलं नाही तेव्हा पानं पार लोंबली होती, पाणी मिळताच संध्याकाळपर्यंत ताठ झाली. बी काळ्या मिऱ्याएवढं आणि टणक. पावसात ते वाहून गेलं नाही, जिथे पडलं तिथेच रुजलं. शेजारच्या काकूंच्या पांढऱ्या झाडाजवळ माझी लाल होती, आणि आता मधल्या जागेत काही रोपांना गुलाबी फुलं आली आहेत. बारावीच्या जीवशास्त्रात अपूर्ण प्रभुत्व (दोन रंगांपैकी एकही पुरता वरचढ न होता मधलाच रंग येणं) शिकवताना याच फुलाचं उदाहरण देतात. ते दारात पाहायला मिळाल्याचा आनंद वेगळाच. बी आणि मूळ विषारी असतं, त्यामुळे लहान मूल असलेल्या घरी लक्ष ठेवा.

ऑफिस टाइमने एप्रिल-मे गाजवला. मांसल पानांत पाणी साठवतं, तळपत्या उन्हातच फुलं उघडतं. पण पहिल्या जोरदार सरींनंतर त्याचा चिखल झाला. एकेरी फुलांच्या झाडांनी मेमध्ये मोहरीहून बारीक बी टाकलं होतं; मी ते एका डबीत गोळा करून ठेवलं होतं म्हणून आता पुन्हा पेरता आलं. दुहेरी पाकळ्यांच्या झाडांना बी जवळजवळ धरलंच नाही. म्हणजे हे आपोआप उगवणारं फूल आहे, पण आपल्या पावसात त्याला हाताची मदत लागते.

गोंफ्रेना बिनतक्रार. झिनियाला दमट हवेत पानांवर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, येते. फुलं सुंदर, तरी पुढच्या वेळी कमीच लावेन.

कॉसमॉसबद्दल थोडं सांभाळून. मेक्सिकोचं हे फूल इथे फारच खूश आहे. सुईसारखं बी, टोकाला काटेरी दुबेळकं. कपड्याला चिकटून ते कुठेही पोचतं. माझ्या पट्ट्यात त्याने बाकीच्यांची जागा खाल्ली, म्हणून निम्मी फुलं बी धरण्याआधीच खुडते. येऊर किंवा पारसिकच्या डोंगरावर याच्या बिया उधळायचा उत्साह कृपा करून दाखवू नका. तिथलं स्थानिक गवत आणि रानफुलं आधीच अडचणीत आहेत.

पावसाळ्यात जी मोकळी जागा उरली ती तेरड्याने भरली. तो मी पेरला नव्हता. सासूबाईंनी माणगावहून मूठभर बी आणून टाकलं होतं. सगळा उन्हाळा ते कोरड्या मातीत गप्प पडून होतं, पहिल्या पावसात उगवलं आणि गौरींना घरचाच तेरडा मिळाला. सासूबाईंचा चेहरा पाहण्यासारखा होता. तेरडा आहे म्हणून पट्टा आता बाराही महिने रिकामा राहत नाही.

पाण्याविषयी. जिथे बी पडलं तिथेच उगवलेल्या रोपाचं मूळ सरळ खाली जातं. ट्रेमधून काढून लावलेल्या रोपाचं मूळ दुमडतं, तुटतं. याचा फरक मेमध्ये स्पष्ट दिसला. आपोआप आलेल्यांना आठवड्यातून दोनदा पहाटे भरपूर पाणी पुरलं, लावलेल्यांना रोज लागलं. रोज वरवर शिंपडलं तर मुळं वरच राहतात. वाळक्या पानांचं आच्छादन हवंच, पण जाड थर दिला तर बी मातीपर्यंत पोचत नाही. मी झाडांच्या बुडाशी जाड आणि मधल्या जागेत अगदी विरळ पसरते.

बाल्कनीवाल्यांसाठी: कुंडीतही हे जमतं, फक्त दरवर्षी माती पालटताना सगळी उपसून मिसळू नका. वरची दोन बोटं माती वेगळ्या घमेल्यात काढून ठेवा, खाली शेणखत घालून कुंडी भरा आणि तीच माती पुन्हा वर पसरा. बिया त्यातच असतात.