आखनहून शनिवार-रविवार: लोकल गाडी, रात्रीची बस की स्वस्त विमान?

ऑक्टोबरात सेमिस्टर सुरू झालं की जर्मनीतल्या आखनमधल्या आपल्या मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विमानाच्या तिकिटाचा एक स्क्रीनशॉट हमखास पडतो. पोर्तो 17 युरो, नाहीतर बुडापेस्ट 19 युरो. खाली प्रश्न: कोण कोण येतंय? आकडा खोटा नसतो, पण त्यात काय काय धरलेलं नाही हे पहिल्या वर्षी कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून आखनमध्ये नव्याने आलेल्यांसाठी हा तुलनेचा खटाटोप. दुसऱ्या गावात राहत असाल तर गाड्यांची नावं बदला, हिशेब साधारण असाच निघेल.

माझं मत आधीच सांगून टाकतो. लेक्चर चालू असताना लोकल गाडीच बरी. पॅरिसपुरती रात्रीची बस चालेल. विमान मात्र तीन-चार दिवस सलग मोकळे मिळतील तेव्हाच.

पैशाइतकाच उजेडही मोजा. डिसेंबरात आखनला सकाळी साडेआठच्या सुमारास उजाडतं आणि दुपारी साडेचारला दिवस संपतो. जूनमध्ये रात्री साडेनऊलाही लख्ख दिसतं. प्रवासात सात तास घालवणारी एकदिवसीय सहल जूनमध्ये मजेत जमते, डिसेंबरात तीच अंधारात निघून अंधारात परत येण्याची कसरत होते.

लोकल गाडी

डॉइचलांड-तिकीट, म्हणजे देशभरच्या लोकल प्रवासाचा मासिक पास, मे 2023 मध्ये 49 युरोला सुरू झालं, 2026 पासून महिन्याला 63 युरो आहे. विद्यार्थ्यांचं सेमिस्टर-तिकीट साधारण त्याच्या 60 टक्क्यांत पडतं आणि सेमिस्टर फीबरोबरच कापलं जातं. म्हणजे पैसे गेलेलेच आहेत, वापरा किंवा वापरू नका. त्यावर देशभरातल्या आरई, आरबी, एस-बान या लोकल गाड्या, ट्राम आणि शहरातल्या बस चालतात. आयसीई, आयसी या लांब पल्ल्याच्या जलद गाड्या चालत नाहीत. डीबीच्या, म्हणजे जर्मन रेल्वेच्या, अ‍ॅपमध्ये हे तिकीट चालणाऱ्या गाड्यांपुरताच शोध घेता येतो. तो पर्याय आधी लावून ठेवा, नाहीतर दर वेळी आयसीईचीच वेळ समोर येते आणि जीव हळहळतो.

कोलोन तासाभरावर. स्टेशनातून बाहेर पाऊल टाकलं की कॅथीड्रल समोर उभं. 157 मीटर उंच, काम 1248 ला सुरू आणि 1880 ला पूर्ण. दक्षिणेकडच्या मनोऱ्याला 533 पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही. अर्ध्या दिवसाची सहल. आदल्या रात्री ठरवली तरी चालते.

माझी शिफारस मात्र ऱ्हाइनच्या खोऱ्याची. कोलोनहून आरबी 26 पकडा. ही गाडी नदीच्या डाव्या काठाने माइन्झपर्यंत जाते. दक्षिणेकडे जाताना गाडीच्या डाव्या खिडकीशी बसायचं, उजवीकडे बसलात तर पाहायला फक्त डोंगराचा कातळ. कोब्लेन्झला मोझेल नदी ऱ्हाइनला मिळते तो संगम बघायला उतरता येतं, आणि खरं दृश्य त्याच्यापुढे सुरू होतं. दर वळणावर एक किल्ला, उतारावर द्राक्षाचे मळे, पलीकडच्या काठावर लोरेलाईचा सुळका, आणि काउबजवळ नदीच्या मधोमध, पाण्यातच उभा असलेला पांढरा छोटा किल्ला. हा पट्टा 2002 पासून जागतिक वारसा आहे. बाखाराखला उतरा, मागच्या टेकडीवर तासभर चढा, संध्याकाळच्या गाडीने परत. आखनहून एका बाजूला साडेतीन तास धरा. एवढ्या दिवसाचा वरचा खर्च म्हणजे कॉफी. डब्यात दशम्या आणि ठेचा असेल तर तोही नाही.

घोडं पेंड खातं ते वेळेपाशी. रुळांची कामं शनिवार-रविवारीच काढतात. मग मध्येच गाडी बंद आणि एसईव्हीची बस. म्हणजे रेल्वेच्या बदल्यात रस्त्याने, दुप्पट वेळात. शुक्रवारी रात्री अ‍ॅपमध्ये परतीची गाडीसुद्धा तपासून मगच झोपा. तीनदा गाडी बदलावी लागणारी सहल मी तरी एका दिवसात सुचवणार नाही.

दोन दिवस असतील तर ट्रिअर. रोमनांनी बांधलेलं पोर्टा निग्रा हे वेशीचं दार बघायचं, रात्री हॉस्टेलला मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी लक्झेंबर्ग. तिथे फेब्रुवारी 2020 च्या अखेरीपासून दुसऱ्या वर्गाचा सगळा सार्वजनिक प्रवास फुकट आहे. सीमेपर्यंत आपलं तिकीट आणि पुढे काहीच नाही.

सीमेपलीकडे, पण हाकेच्या अंतरावर

आखनला राहण्याचा हा फायदा म्युनिकवाल्यांना नाही. 350 नंबरची बस तासाभरात नेदरलँड्समधल्या मास्त्रिख्तला सोडते, गाडीने बेल्जियममधलं लिएजही तेवढ्याच पल्ल्यात. सीमेपुढचं तिकीट वेगळं काढावं लागतं. पण जर्मनीत रविवारी दुकानं बंद आणि मास्त्रिख्तमध्ये उघडी, त्यामुळे रविवारसाठी हे गाव उत्तम. तेराव्या शतकातल्या चर्चच्या कमानींखाली थाटलेलं पुस्तकांचं दुकान तिथेच आहे. लिएजला रविवारी सकाळी म्यूज नदीच्या काठाने ला बातचा बाजार भरतो. सान्तियागो कालात्राव्हाने बांधलेलं तिथलं स्टेशन बघायला बिगर आर्किटेक्ट लोकही थांबतात.

शाकाहारी मंडळींसाठी एक सूचना: बेल्जियममधले बटाट्याचे फ्राइज पारंपरिक पद्धतीने गाईच्या चरबीत तळतात. गाड्यावर उभं राहिल्यावर आधी विचारा, मग ऑर्डर द्या. वनस्पती तेलात तळणारेही सापडतात.

रात्रीची बस

शुक्रवारी रात्री निघायचं, शनिवारी पहाटे पॅरिस. हॉटेलची एक रात्र वाचते हे खरं, पण झोप किती लागते हे आपापल्या मानेवर. साधारण सहा-सात तासांचा प्रवास, त्यात सीमेवर पोलीस बसमध्ये चढून पासपोर्ट मागू शकतात. फ्लिक्सबस पॅरिसच्या बेर्सीला सोडते. तिथे सकाळी सहाला थंडीत काय करायचं याचा बेत आधीच करून ठेवा.

तुलनेसाठी: युरोस्टार आखनहून पॅरिसला पावणेतीन तासांत नेते. आधी काढलं तर तिकीट परवडतं, आयत्या वेळी विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेर. जाताना बस आणि येताना ट्रेन ही मला सर्वांत शहाणी वाटणारी जोडी, कारण सोमवारी सकाळी लेक्चर असतं.

पॅरिसची सहल पंचविशीच्या आत उरकून घ्या. 26 वर्षांखालच्या आणि युरोपीय आर्थिक क्षेत्रात राहणाऱ्या कोणालाही लूव्र फुकट आहे. नागरिकत्व लागत नाही, रहिवास लागतो. म्हणजे जर्मन रेसिडेन्स परमिटचं कार्ड दाखवलं की झालं. पुण्याहून पर्यटक म्हणून आलेल्या तुमच्या ताईला त्याच दारात 2026 पासून 32 युरो पडतील. ओर्से संग्रहालयालाही हीच सवलत. लूव्रची वेळ मात्र आधी ऑनलाइन राखून ठेवा, आणि मंगळवारी ते बंद असतं.

स्वस्त विमान

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. 17 युरोचं विमान सुटतं कुठून ते बघा. शार्लरुआला ब्रसेल्सचा विमानतळ म्हणतात, तो ब्रसेल्सपासून पन्नासेक किलोमीटर दूर. आखनहून लिएज, नामुर करत बेल्जियन गाड्यांनी जायचं, पुढे बस, आणि आपलं सेमिस्टर-तिकीट तिकडे चालत नाही. वेत्सेचा विमानतळ जर्मनीत असल्याने तिकीट चालतं, पण तिथेही गाड्या बदलत वेत्से स्टेशन आणि पुन्हा बस. अडीच-तीन तास सहज. विमान सकाळी सातचं असेल तर पहाटे पोहोचवणारी गाडीच नसते, म्हणून शुक्रवारी रात्रीच निघून विमानतळाच्या खुर्चीवर पाठ टेकायची. परतीचं विमान रविवारी रात्री उतरलं की पुन्हा तेच.

रायनएअरमध्ये फुकट जाते ती पिशवी 40 × 30 × 20 सेंटिमीटरची. कॉलेजची सॅक भरली तर बसेल, जाड जॅकेट अंगावरच घालावं लागेल. जाण्या-येण्याचं भाडं, दोन रात्रींचं हॉस्टेल, तिथलं खाणं धरलं तर 17 युरोची सहल दीडशेच्या घरात जाते. व्हिसासाठी आधी पैसे भरून ठेवलेल्या ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला 992 युरो सुटतात आणि त्यातूनच घरभाडं, विमा, किराणा भागवायचा असतो. दर महिन्याला हे झेपत नाही.

तरीही विमानाला मी नाही म्हणणार नाही. पोर्तो, सेव्हिल, अथेन्स गाडीने शनिवार-रविवारात होणारच नाही. फेब्रुवारीत आखनच्या करड्या आभाळाचा वीट आलेला असताना तिकडचं ऊन हे औषधच. उन्हाळी सेमिस्टरात जायचं तर गुरुवारची सुट्टी पकडा. ख्रिस्ती हिम्मेलफार्ट आणि फ्रोनलाइखनाम हे दोन्ही सण गुरुवारीच येतात, शुक्रवारचं एखादं लेक्चर बुडवलं की चार दिवस मिळतात. आणि कोलोन-बॉनहून विमान मिळत असेल तर थोडं महाग असलं तरी घ्या. कोलोनहून एस 19 थेट विमानतळावर जाते, तीही आपल्या तिकिटावर.

चौघं मिळून भाड्याची गाडी हा पर्याय आखनजवळच्या आयफेल या डोंगराळ भागातल्या खेड्यांसाठी चांगला. भारतीय लायसन्स जर्मनीत राहायला आल्यापासून सहाच महिने चालतं, आणि कमी वयाच्या चालकाला जादा पैसे लावतात, ते बुकिंग करताना बघा.

कागद

कोणताही मार्ग निवडा, मूळ पासपोर्ट आणि परमिटचं कार्ड दोन्ही खिशात हवीत. मास्त्रिख्तला कॉफी प्यायला जातानासुद्धा. सप्टेंबर 2024 पासून जर्मनीने सगळ्या जमिनी सीमांवर तपासणी सुरू केलेली आहे. जर्मन परमिटवर बाकीच्या शेंगेन देशांत 180 दिवसांत 90 दिवस फिरता येतं. क्रोएशिया 2023 पासून त्यात आहे, रुमानिया आणि बल्गेरिया 2025 पासून पूर्णपणे. लंडन आणि डब्लिन यात येत नाहीत, स्क्रीनशॉटमध्ये ती कितीही स्वस्त दिसली तरी. सरकारी आरोग्य विम्याच्या कार्डाची मागची बाजू हेच युरोपीय विमा कार्ड असतं, तेही जवळ ठेवा. परमिटची मुदत संपत आली असेल आणि नूतनीकरण अडकलं असेल, तर आउसलेंडरबेहोर्डला, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला, लेखी विचारल्याशिवाय सीमेपलीकडचं काहीही बुक करू नका. तोवर बाखाराख आहेच.